धुराचा कायदा आणि मिस्त्रीचा पाना



मी कामगार संघटनेत काम करणारा मनुष्य आहे. माझे शाळेतले शिक्षण मागाच्या खडखडाटात अर्धवट सुटले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि गॅरेजांच्या पायऱ्यांवर झाले. तेव्हा इतिहासाच्या विषयावर मी बोलावे हे काहींना धाडसाचे वाटेल. पण ज्या इतिहासाविषयी मी बोलणार आहे तो ग्रंथात फारसा आलेला नाही. तो आपल्या भिवंडीच्या नाक्यानाक्यावर तेलकट चिंध्यांत गुंडाळून पडलेला आहे.

कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाडीचे इंजिन तिच्या मूळ मापापेक्षा अधिक जोराने चालावे म्हणून बाहेरच्या कारागिराने त्यात हात घालणे, आणि धुरासंबंधीच्या कायद्यांनी त्या हाताचे काय केले, हा आजचा विषय आहे. मुंबई-पुण्याच्या हौशी तरुणांना हा शौक वाटतो. आपल्या गावात मात्र तो पोटाचा धंदा होता, आणि म्हणूनच माझ्या दृष्टीने तो कामगार चळवळीच्या इतिहासाचा एक भाग आहे.

भिवंडीतून नाशिककडे जाणारा माल पडघा, शहापूर करीत कसाऱ्याच्या पायथ्याशी येतो आणि तेथे गाडीची परीक्षा होते. ज्या गाडीत माप सोडून माल भरला आहे ती घाटात पहिल्या गिअरवर येते, पाण्याला उकळी फुटते आणि मागे गाड्यांची रांग लागते. पोहोचायला उशीर झाला की मालक भाडे कापतो. तेव्हा घाट चढण्याआधी ड्रायव्हर कल्याण नाक्यावरच्या मिस्त्रीकडे येई आणि एकच वाक्य बोले, "चाचा, गाडी लोड ओढत नाही." मिस्त्री विचारी, "पिकअप पाहिजे की ॲव्हरेज?" आमच्याकडच्या इंजिनविद्येचे सगळे सार या एका प्रश्नात होते.

त्यातले शास्त्र थोडक्यात सांगतो. डिझेल इंजिनात हवा जवळजवळ पुरेपूर येतच असते. गाडीचा जोर ठरतो तो दर फटक्याला किती तेल आत फवारले जाते यावर. ही मात्रा इंधनपंपावरचा एक स्क्रू बांधून देतो आणि त्या स्क्रूला कारखान्याचे सील असते. सील तोडून स्क्रू फिरवला की तेल वाढते आणि जोरही वाढतो. पण एका मर्यादेपलीकडे तेवढे तेल जाळायला हवा पुरत नाही. मग अर्धवट जळालेल्या तेलाची काजळी होते, आणि घाटात आपण जो काळा लोट पाहत होतो तो हाच. या कामाला आमच्याकडे 'पंप वाढवणे' म्हणत. चांगला मिस्त्री इंजिनाच्या आवाजावरून आणि धुराच्या रंगावरून किती फिरवायचे ते ओळखी. बंगळूरला १९५१ साली मायको कंपनी निघाली आणि हे पंप देशात होऊ लागले; पुढे नाशिकलाही तिचा कारखाना आला. पंपाची विद्या मात्र त्या फाटकाबाहेरच्या शेकडो लोकांनी हाताने खोलून, बिघडवून, पुन्हा जुळवून मिळवली. त्यांना कोणी प्रमाणपत्र दिले नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पंप वाढवण्याचे मूळ मिस्त्रीच्या खोडीत नव्हते, ते भाड्याच्या हिशेबात होते. दोन आसांच्या सहाचाकी मालमोटारीचे मालासह एकूण वजन कायद्याने १६.२ टनांवर बांधलेले होते. २०१८ साली ते १८.५ टन झाले. प्रत्यक्षात दर ठरत तो मापापेक्षा कितीतरी जास्त माल गृहीत धरूनच. काही राज्यांनी तर ठराविक रक्कम घेऊन जादा भाराची कार्डेच देण्याची सोय केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली तिला मनाई केली. मागाच्या मोटारीची पुली बदलून मिनिटाचे फेरे वाढवणारा मालक मी पाहिला आहे. त्याच मनोवृत्तीने पंपाचा स्क्रूही फिरत होता. यंत्राच्या मापापेक्षा यंत्राकडून जास्त काढायचे, आणि तो ताण यंत्राने व ते चालवणाऱ्याने सोसायचा, हीच ती रीत.

आता कायद्याकडे वळू. या कायद्याचा इतिहास तीन क्रियापदांत सांगता येतो. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात गाडीत बदल केल्यामुळे नोंदणीपत्रातील तपशील जुळेनासा झाला तर मालकाने तो चौदा दिवसांत कळवावा, एवढीच अपेक्षा होती. म्हणजे कायदा म्हणे, 'कळवा.' १९८८ च्या कायद्यात, जो १ जुलै १९८९ पासून अमलात आला, ५२ व्या कलमाने बदलापूर्वी मंजुरी घेण्याची अट घातली. कायदा म्हणू लागला, 'विचारा.' २००० सालच्या दुरुस्तीने तेच कलम पालटले. उत्पादकाने मूळ जो तपशील दिला त्याच्याशी विसंगत ठरेल असा बदल कोणत्याही मालकाने करू नये, असे त्यात आले. आता कायदा म्हणतो, 'करू नका.' केरळातून आलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ कायम केला.

याच्या जोडीला धुराची मापे आली. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११५ व्या नियमाने धुराला प्रथम आकडा लावला. पेट्रोलवरच्या चारचाकी गाडीच्या धुरात, गाडी उभी असताना, कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांवर नसावा. डिझेलच्या धुराची घनता हार्ट्रिज मापावर पासष्टच्या वर जाऊ नये. पुढे नव्या गाड्यांसाठी टप्पे पडत गेले. २००० साली पहिला आला. २०१० साली चौथा आला, पण फक्त तेरा शहरांना, आणि त्यांत आपल्याकडची मुंबई, पुणे व सोलापूर ही होती. १ एप्रिल २०१७ ला तो देशभर झाला. पाचवा गाळून १ एप्रिल २०२० ला एकदम सहावा लागू झाला.

पहिल्या काळात या मापांचा मिस्त्रीच्या धंद्यावर काय परिणाम झाला? खरे सांगायचे तर धंदा वाढला. पीयूसीचा दाखला घ्यायच्या दिवशी स्क्रू मागे फिरवायचा, आणि दाखला खिशात पडला की पुन्हा पुढे आणायचा. दोन्ही वेळा मजुरी मिळे. यंत्रासमोर गाडी उभी करून, रिकामीच रेस देऊन धूर मोजला जाई; कसाऱ्याच्या चढावर, भरल्या गाडीचा धूर कोणी मोजत नव्हते. कायदा एका जागी उभा होता आणि गाडी चालती होती.

दुचाकींच्या बाबतीत निकाल लवकर लागला. १९८५ पासून निघालेली आरएक्स १०० ही दोन फटक्यांच्या इंजिनाची मोटारसायकल गावोगावच्या तरुणांची लाडकी होती. तिच्या सिलिंडरची भोके घासून मोठी करायची आणि सायलेन्सर बदलायचा, एवढ्यावर तिचा वेग वाढे. पण दोन फटक्यांच्या इंजिनात तेलाचा काही भाग न जळताच बाहेर जातो. तो त्या रचनेचाच दोष आहे. धुराचे नियम कडक होऊ लागले तसे तिचे उत्पादन १९९६ साली थांबले. जुन्या गाड्या मिस्त्रींनी आजवर जगवल्या, तो भाग वेगळा. मोटारींच्या बाबतीत एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना उत्प्रेरक डबा आला. धुरातले विष मोडणारा हा डबा वाफाऱ्याची वाट थोडी अडवतो. म्हणून वेगाच्या हौसेला बळी पडून तो काढून टाकणारे निघाले, आणि त्याच्या आतील मौल्यवान धातूंसाठी तो विकत घेणारेही निघाले.

परंतु याच काळात मुंबईत एक अगदी उलट गोष्ट घडली. धुराने त्रस्त झालेल्या रहिवाशांच्या मंचाने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने १९९९ च्या अखेरीस परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जुन्या टॅक्सी नैसर्गिक वायूवर न्याव्यात असे ठरले आणि त्यासाठी मुदती पडल्या. ५२ व्या कलमातही इंधन बदलण्याच्या मंजूर संचापुरती वाट मोकळी ठेवलेली होती. संचाची तपासणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने करायची, मंजूर केंद्राने तो बसवायचा आणि नोंदणीपत्रात त्याची नोंद करायची. परिणाम काय झाला? काळ्या-पिवळ्या फियाटच्या इंजिनात बाहेरच्या कारागिराने हात घातला, त्यातून पोट भरले, आणि धूर वाढण्याऐवजी कमी झाला. कारागीर तसाच होता आणि त्याचा पानाही तोच होता. फरक एवढाच की कायद्याने त्याच्यासाठी एक दार ठेवले होते. या व्याख्यानातून दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, हे उदाहरण मात्र विसरू नये.

त्यानंतर आली संगणकाची पेटी. नव्या डिझेल इंजिनात किती तेल, कोणत्या क्षणी आणि किती दाबाने फवारायचे हे ती पेटी ठरवते. जुना स्क्रू गेला. सहाव्या टप्प्यात काजळी अडवणारी गाळणी आली. मोठ्या गाड्यांत नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे मोडण्यासाठी युरियाचे पाणी फवारणारी व्यवस्था आली. डिझेलमधले गंधक दशलक्ष भागांत दहापर्यंत खाली आणावे लागले. चौथ्या टप्प्यात ते पन्नास होते. युरिया संपला की पेटी स्वतःच इंजिनाचा जोर कमी करते. कायदा आता नाक्यावर उभा नाही, तो इंजिनाच्या आत जाऊन बसला आहे.

कल्याण नाक्यावरच्या ज्या मिस्त्रीकडून मी पंप शिकलो, त्यांच्यासमोर पहिल्यांदा अशी गाडी आली तेव्हा मी तेथेच होतो. त्यांनी बॉनेट उघडले, कान लावला, थोडा वेळ उभे राहिले आणि हात पुसून म्हणाले, "भाई, हिला माझी भाषा कळत नाही." चाळीस वर्षे आवाजावरून इंजिनाचे दुखणे ओळखणारा मनुष्य त्या दिवशी परका झाला. दुसऱ्या वर्षी त्यांनी पंपाचे टेबल विकले. त्यांच्या मुलाने गोदामात सुपरवायझरची नोकरी धरली.

पण जोर वाढवण्याची गरज संपली का? भाड्याचा हिशेब तोच राहिला, म्हणून गरजही राहिली. आता लॅपटॉप घेऊन येणारा तरुण पेटीतला तक्ता बदलतो आणि त्याला 'मॅप मारणे' म्हणतो. युरियाचा खर्च वाचावा म्हणून पेटीला फसवणारी चिमुकली यंत्रे बसवली जातात. युरिया फवारला जातो आहे असे ती पेटीला खोटेच सांगतात. येथे एक मोठा फरक पडला, तो नागरिकांनी समजून घेण्यासारखा आहे. वाढवलेला पंप स्वतःची चुगली स्वतःच करी; काळा लोट सगळ्यांना दिसे. नायट्रोजनची ऑक्साइडे त्या काजळीसारखी डोळ्यांना दिसत नाहीत, आणि आपल्या पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीच्या धुराची फक्त घनता मोजतात, ही ऑक्साइडे मोजत नाहीत. म्हणजे लबाडी पूर्वी उघड्यावर होती, ती आता अदृश्य झाली आहे.

अशी लबाडी फक्त गल्लीतलेच करतात असे कोणी समजू नये. परीक्षा चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करणारी आज्ञावली फोक्सवागन कंपनीने आपल्या डिझेल गाड्यांत घातली होती, हे २०१५ साली अमेरिकेत उघडकीला आले. आपल्याकडे एआरएआयच्या तपासणीनंतर त्या वर्षअखेरीस सुमारे सव्वातीन लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे कंपनीने जाहीर केले. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली पाचशे कोटींचा दंड सुनावला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. पीयूसीच्या दिवशी स्क्रू मागे फिरवणारा आमचा मिस्त्री आणि ही आज्ञावली लिहिणारा अभियंता यांच्या युक्तीत तत्त्वतः काय फरक आहे, ते मला सांगा.

आता माझ्या चुकीची कबुली देतो. संघटनेत मी नवा होतो तेव्हा धुराच्या तपासणीची एक मोहीम निघाली होती. गाड्या अडवल्या जात होत्या आणि दंड होत होते. आम्ही सभा घेतली. धूर हा श्रीमंतांच्या नाकाचा प्रश्न आहे, गरिबाला धूर नाही तर भाकरी दिसते, असे मी त्या सभेत गर्जून सांगितले. टाळ्या पडल्या. त्या सभेत पुढे बसलेला एक ड्रायव्हर काही वर्षांनी मला सरकारी रुग्णालयाच्या व्हरांड्यात भेटला. पाच पावले चालून तो भिंत धरत होता. विडी त्याने कधी ओढली नव्हती. मला पाहून तो हसला आणि म्हणाला, "साहेब, भाकरी आहे, पण खाताना दम लागतो." मी त्याच्याजवळ बसलो, पण बोलायला माझ्याकडे काही नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर मनुष्याला निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातला. तो धूर सर्वांत आधी कोणाच्या छातीत जातो? ज्याची केबिन इंजिनावर आहे त्याच्या, आणि राहनाळ-पूर्णेच्या गोदामांत चालू गाडीच्या मागे उभा राहून गोणी उतरवणाऱ्या हमालाच्या. म्हणून धुराचा कायदा शिथिल करा असे मी आज म्हणणार नाही. पुन्हा कधीही म्हणणार नाही.

माझी तक्रार निराळी आहे. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे गाडीत बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पण धुराचे माप मोडणाऱ्या गाडीबाबत १९० वे कलम लागते. त्यात गाडी चालवणाराही येतो, आणि शिक्षेबरोबर तीन महिने परवाना जातो. मालक चालवायला लावतो म्हणून तोही कायद्याने दोषी आहे. पण रस्त्यावर सापडतो तो स्टिअरिंगवरचा मनुष्य. पंप वाढवला कोणी हे त्याला विचारले जात नाही, आणि विचारले तरी उत्तर देऊन त्याची नोकरी टिकत नाही. ज्याच्या छातीत धूर गेला त्याचाच परवानाही जावा, ही कोणती न्यायबुद्धी?

दुसरी तक्रार किल्लीची. धुराच्या नावाने इंजिनाला कुलूप लागले आणि किल्ली कंपनीच्या अधिकृत केंद्राकडे गेली. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने त्या बाहेरच्या कारागिरांना मिळू देत नाहीत, असा आयोगाचा निष्कर्ष होता. प्रकरण पुढे न्यायालयांत गेले, पण दुखणे नेमके कोठे आहे हे त्यातून दिसले. प्रामाणिक दुरुस्तीची वाट बंद झाली की चोरवाटा रहदारीच्या होतात. अधिकृत साधन ज्याला मिळत नाही तो चोरीची आज्ञावली घेतो, आणि एकदा ती हातात आली की दुरुस्ती कोठे संपली आणि लबाडी कोठे सुरू झाली हे कोणालाच सांगता येत नाही.

मग उपाय काय? दोन दाखले देतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९६७ साली हवेसाठी मंडळ नेमले. इंजिनाचा जोर वाढवणारा सुटा भाग विकायचा असेल तर त्यामुळे धूर वाढत नाही हे तेथे चाचणीने सिद्ध करावे लागते. मग मंडळ त्या भागाला क्रमांक देते आणि तो भाग कायदेशीर ठरतो. यामुळे लबाडी संपली असे नाही. साडेपाच लाखांहून अधिक डिझेल गाड्यांतील धूर रोखणारी यंत्रणा काढून टाकली गेली, असा अंदाज अमेरिकन सरकारच्या पर्यावरण संस्थेने २०२० साली दिला. पण तेथे सरळ माणसाला जायला वाट तरी आहे. दुसरा दाखला आपल्या घरचा आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने ज्यांची कोठे नोंद नव्हती अशा ओझे वाहणाऱ्यांची नोंद केली आणि त्यांच्या मजुरीला मंडळाचा आधार दिला. ज्या राज्याने डोक्यावरच्या ओझ्याला कायद्यात जागा दिली, त्या राज्याला हातातल्या पान्याला जागा देणे अवघड नाही.

५२ व्या कलमात २०१९ साली एक तरतूद आली आहे. बदलांची मापे, मंजुरीच्या अटी आणि नंतर बसवायच्या भागांविषयी केंद्र सरकार नियम करू शकते. म्हणजे दाराची चौकट उभी आहे. आम्ही मागतो ते इतकेच: मिस्त्रीला शिकवा, त्याची परीक्षा घ्या, त्याची नोंद करा आणि मग किल्ली त्याच्या हाती द्या. धूर गाडी भरलेली असताना मोजा आणि न दिसणारा धूरही मोजा. दंड करताना आधी मालाची पावती पाहा. माप सोडून माल कोणी भरला ते तीत लिहिलेले असते. ज्या दिवशी भाडे सोळा टनांच्या गाडीत सोळाच टन धरून ठरेल, त्या दिवशी कसाऱ्याच्या पायथ्याशी पंप वाढवून मागणारा ड्रायव्हर आपोआप कमी होईल.

तो व्हरांड्यातला ड्रायव्हर आता हयात नाही. पंपाचे टेबल विकणारे मिस्त्री आहेत. संध्याकाळी ते नाक्यावर बाकड्यावर बसतात आणि जाणाऱ्या गाडीच्या आवाजावरून तिचे दुखणे अजूनही सांगतात. त्यांचे बहुधा बरोबर असते. आजच्या सभेला या म्हणून मी त्यांना सांगितले होते. ते म्हणाले, "तुम्ही बोला, भाई. पण सगळा दोष कायद्यावर टाकू नका. तो धूर मीच वाढवला होता." त्यांचे हे वाक्य आपल्यापर्यंत पोहोचवले.